बिजली चालणार नाही

सर्कस सोडून आल्यावर कमल सुरवाडेनं जळगावच्या मेहरूणात शिलाई मशीन मांडलं आणि गल्लीतल्या बायकांची पोलकी-परकर शिवायला घेतले, तेव्हा सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की हिचं संपलं. उंच झोक्यावरून उड्या मारणारी पोर इंदूरला जाळीच्या कडेवर आपटली होती. उजवा खांदा कायमचा बिघडला, हात कानाच्या वर जाईना. आता ही खालीच राहणार, असं जो तो म्हणायचा. तिच्या आईला, भिकुबाईला, पोर जिवंत घरी आली तेवढंही पुष्कळ होतं. "जित्ती घर उनी, माले बठ्ठं भेटनं," ती म्हणायची.

कमल सर्कशीचं नाव काढायची नाही. पण १९८९च्या हिवाळ्यात तिचीच सर्कस जळगावला आली, गावाबाहेरच्या मैदानात तंबू लागला, आणि मशीनवर बसलेल्या कमलचं टाक्यावरचं लक्ष उडालं. माणसांना भेटायची तिला ओढ नव्हती. तिला बिजली आणि बादलला बघायचं होतं.

ते दोघं गिबन होते, आसामच्या जंगलातून लहानपणी कुणीतरी धरून आणलेले. लोक त्यांना माकड म्हणायचे, पण त्यांना शेपूट नव्हती आणि हात पायांपेक्षा लांब होते. बादल काळाकुळकुळीत, भुवया तेवढ्या पांढऱ्या. बिजली वाळल्या गवताच्या रंगाची. कमल सकाळी सरावाला झोक्यावर चढायची तेव्हा शेजारच्या उंच पिंजऱ्यात त्यांचं गाणं सुरू व्हायचं. एकानं हूक दिली की दुसरा ती उचलायचा, आवाज चढत जायचा, आणि टिपेला पोचला की दोघं दोरांवरून असे झेपावायचे की कुठला हात कुणाचा ते कळू नये. मागचा हात सुटलेला असायचा आणि पुढचा अजून पोचलेला नसायचा. कमलचे उस्ताद पोरींना सांगायचे, त्या मधल्या क्षणात ते कशालाच धरून नाहीत, तिथं त्यांच्याकडे बघा. जेवताना ते एकत्र, आणि झोपतानाही गुडघे पोटाशी घेऊन एकमेकांना टेकून, बसल्या बसल्या.

सकाळी कमल तंबूच्या मागच्या बाजूनं आत शिरली. झाडलोट करणारी शेवंताबाई तिच्या ओळखीची होती, तिनं आनंदानं हात धरला आणि लगेच तोंड पाडलं. "तिकडे नको जाऊस, कमल," ती म्हणाली. कमल तिकडेच गेली.

बिजली जमिनीवर होती. तिचे दोन्ही हात सुतळीनं पाठीमागे बांधलेले होते. समोर वना नावाचा नवा शिकवणारा छडी घेऊन उभा होता. तो तिला काखेत धरून पायांवर उभी करायचा, ती पाय दुमडून खाली बसायची. तो पुन्हा उभी करायचा, ती पुन्हा बसायची. तिचे डोळे कुठंच बघत नव्हते.

"हात का बांधलेत?" कमलनं विचारलं.

"मोकळे ठेवले की वर पळते, बाई. मॅनेजरला ही सायकलवर पाहिजे. आधी चालायला तर शिकली पाहिजे."

"ही चालते. दोन्ही हात वर धरून चालते, तोल सावरत. हात बांधून तू तरी चालून दाखव. बादल कुठंय?"

वनानं छडी खाली केली. "गेला. मागच्या थंडीत उघड्या ट्रकवर छाती भरली त्याची. तेव्हापासून हिनं आवाज काढलेला नाही."

कमल खाली बसली. गाठ पाण्यानं फुगून घट्ट झाली होती. तिनं ती दातांनी सैल केली आणि सुतळी ओढून काढली. वना घाबरून म्हणाला, "माझी नोकरी जाईल." ती म्हणाली, "सांग, कमलनं सोडली. खोटं थोडीच आहे."

बिजलीच्या मनगटांवर केस उरले नव्हते. क्षणभर ती हात पुढे घेऊन बघत राहिली. मग मोठ्या तंबूच्या खांबाला तिनं कधी हात घातला आणि ती कधी वर गेली, दोघांनाही कळलं नाही. खांबावरून दोरावर, दोरावरून झोक्याच्या दांडीवर. सगळ्यात उंच जागी जाऊन ती बसली आणि तिनं खाली पाठ केली.

मॅनेजर जीवराम धावत आला. तो नवा होता, कमलला नावानं ओळखत होता. आधी त्यानं केळी दाखवली, मग वनाला शिडीवर चढवलं. वना जवळ पोचला की बिजली एका झेपेत तंबूच्या दुसऱ्या टोकाला. दुपारच्या खेळाची गर्दी फाटकाशी जमायला लागली तसा जीवरामचा धीर सुटला. त्यानं हत्तींना धुवायचा पाण्याचा पाईप आणायला सांगितला.

"पाणी मारा. पाण्याला भिते ती. पडेल जाळीत."

कमल पाईपवर पाय देऊन उभी राहिली. बिजलीच्या जातीला पोहता येत नाही, अंगावर पाण्याचा फवारा आला तर ती जीव सोडून उडी टाकेल आणि जाळी तर बांधलेलीच नाही, हे तिला माहीत होतं. शिवाय पौषातली थंडी. बादल अशाच थंडीत गेला होता.

"बाई, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"माझं जनावर आहे."

"मग वर जाऊन आणा ना."

माणसं जमली. हत्तीवाले, जोकर, झोक्यावरच्या नव्या पोरी, सगळे गोल करून उभे राहिले आणि कुणी कमलला हात लावला नाही. जीवरामनं सूर बदलला. तो गोड बोलायला लागला. "तू परत ये. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही. शिकवणारी म्हणून ये, बोर्डावर तुझं नाव घालतो. हात बांधायचे नाहीत, कबूल. पण सायकल झाली पाहिजे."

बोर्डावरचं नाव. तंबूचा वास, वाजंत्री, दिवे. मशीनपुढे बसून ती हे सगळं विसरली नव्हती. तिनं वर बघितलं. बिजली अजून पाठ करूनच बसली होती.

"सायकल होणार नाही," ती म्हणाली. "आणि मीपण येणार नाही."

एव्हाना शेवंताबाईनं जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर अभिमन अहिरेंना आणलं होतं. त्यांच्या घरचं शिवण कमलकडे असायचं. डॉक्टर एकटे आले नव्हते, वाटेत त्यांनी वनखात्याच्या रेंजरनाही सोबत घेतलं होतं. रेंजर शांत माणूस. त्यांनी वर बघितलं आणि जीवरामला विचारलं, "हिचा परवाना?"

"माकडाला कसला परवाना, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "हे माकड नाही. वाघाला कायद्याचं जेवढं संरक्षण आहे, तेवढंच हिला आहे."

जीवरामकडे काहीच नव्हतं. रेंजरनी जप्ती सांगितली. पण जप्त करायचं जनावर तंबूच्या कळसाला बसलेलं होतं. कमलनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि दोराच्या शिडीपाशी गेली.

"कमल, तुझा हात," डॉक्टर म्हणाले.

"एक आहे ना."

शेवंताबाई रडायला लागली. कमल चढली. उजवा हात छातीपाशी, डाव्यानं दोर धरायचा, पायांनी अंग वर ढकलायचं, मग दोर कोपरात अडकवून डावा हात सोडायचा आणि पुढची पायरी धरायची. प्रत्येक पायरीला हात सोडायचा तो क्षण यायचा आणि प्रत्येक वेळी इंदूरचा तो आवाज कानात वाजायचा, स्वतःच्याच हाडाचा. अर्ध्यावर ती थांबली. खालचे चेहरे बारीक दिसत होते. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त होता. खालीच राहशील, असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांचा, आणि ते ऐकून घेतल्याचा स्वतःचाही. ती पुढे चढली.

वरच्या फळीवर पोचल्यावर तिनं बिजलीकडे बघितलं नाही. नुसती बसून धापा टाकत राहिली. सर्कशीत असताना सरावानंतर ती अशीच बसायची. बऱ्याच वेळानं दोर हलला. लांब, गार बोटं तिच्या दुखऱ्या खांद्यावर आली, मग दुसरा हात गळ्याभोवती, आणि बिजली तिच्या पाठीला चिकटून बसली. खाली कुणीही टाळी वाजवली नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं.

उतरल्यावर रेंजर अडचणीत पडले. "माझ्याकडे हिला ठेवायला जागा नाही. दूरच्या प्राणिसंग्रहालयांना विचारावं लागेल, वेळ लागेल."

"माझ्याकडे जागा आहे," कमल म्हणाली.

तिच्याकडे दोन खोल्या होत्या आणि मागच्या अंगणात एक जुनी चिंच. पण रेंजरांना दुसरा मार्ग नव्हता, आणि डॉक्टरांनी देखरेखीची जबाबदारी घेतली. संध्याकाळी कमल रिक्षातून घरी आली तेव्हा भिकुबाई दारातच उभी होती.

"हाई काय लयनी तू? बठ्ठा हसतीन आपलाले."

"हसू दे, माय."

"तिन्हा हातले काय व्हयनं?"

कमलनं सांगितलं. भिकुबाईनं आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी आणली.

चिंचेची एक मोठी फांदी आत घेऊन गल्लीतल्या लोकांनी बांबूचा सांगाडा उभा केला, घराच्या आढ्यापेक्षा उंच, आणि त्याला भोवती तारेची जाळी लावली. कमलनं स्वतः दोर बांधले, काही आडवे, काही तिरपे, मध्ये झेप घ्यायला मोकळी जागा सोडून. वरच्या कोपऱ्यात लाकडी खोकं आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट. जमिनीवर तिनं काहीच ठेवलं नाही. अन्न वर, पाणी वर. बिजली पाण्यात तोंड घालायची नाही. हाताची मागची बाजू बुडवायची आणि केसांतून ओघळणारं पाणी चोखायची. ते बघायला बायका यायच्या आणि येताना केळी आणायच्या.

तिथं कमलनं गावाचं वैर ओढवून घेतलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जंगलात ही उंबर खाते, वडाची फळं खाते, कोवळी पानं, कळ्या, किडे खाते. नुसत्या केळ्यांवर ठेवलं तर पोट आणि दात दोन्ही बिघडतील. कमल उंबरं गोळा करायला मेहरूणच्या तलावाच्या काठानं फिरायची. पिंपळाची कोवळी पानं, शेवग्याची फुलं, भिजवलेले हरभरे, कधी उकडलेलं अंडं, सापडले तर नाकतोडे. आणि दारात केळ्यांची फणी घेऊन आलेल्याला म्हणायची, "घरी न्या." जळगावात राहून केळी परत करणारी बाई लोकांनी पाहिली नव्हती. काहींनी शिवण देणं बंद केलं. सर्दी झालेल्याला तर ती अंगणात पायही ठेवू द्यायची नाही, माणसाची सर्दी बिजलीला लागते म्हणून. एकदा भिकुबाईच शिंकली आणि कमलनं तिला पुढच्या ओट्यावर बसवलं.

"मनाच घरमा माले बंदी?" भिकुबाई दिवसभर ऐकवत राहिली. पण बसली ओट्यावरच.

बिजलीच्या मनगटांवर केस आले. ती आधी एकेका दोरावरून जपून सरकायची, मग झेप घ्यायला लागली. आणि फाल्गुनातल्या एका सकाळी, ऊन चिंचेच्या शेंड्याला लागलं असताना, तिनं गळा फुगवला आणि गायला सुरुवात केली.

मेहरूण जागं झालं. तलावाच्या पलीकडे ऐकू जावा असा तो आवाज. कमल कणकेच्या हातांनी अंगणात आली. बिजली हूक द्यायची, चढवत न्यायची आणि एका ठिकाणी थांबायची. कान देऊन बसायची. मग पुन्हा पहिल्यापासून. कमलला कळायला वेळ लागला नाही. ती बादलची जागा होती. बिजली आपलं अर्धं गाऊन उरलेल्या अर्ध्याची वाट बघत होती.

समोरचे आधार नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, झोपेचे पक्के. ते रोज सकाळी फाटकाशी येऊन ओरडायला लागले. "कमल, हे बंद कर. म्हातारपणी कानाचे पडदे जातील माझे."

"नाना, ती वर्षभर गप्प होती. आता नाही गप्प करणार मी तिला."

"मग मी वर तक्रार करीन."

"करा. तीपण करेल."

नानांनी खरोखर तक्रार केली. रेंजर आले, गाणं ऐकलं, चहा प्यायले आणि गेले.

मार्च संपता संपता सर्कस धुळ्याला असताना जीवराम ट्रक आणि चार माणसं घेऊन मेहरूणात उतरला. बिजलीचं गाणं लोक लांबून ऐकायला येतात, हे त्याच्या कानावर गेलं होतं. सायकलची त्याला आता गरज उरली नव्हती. "गाणारं माकड" असा बोर्ड त्यानं मनात रंगवूनही ठेवला असावा.

कमल पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "जप्त झालेली आहे ती. रेंजरांना विचारा."

"रेंजर इथं नाहीत. आणि ती माझी आहे. लहानपणापासून पोसली आहे सर्कशीनं."

"बादललाही पोसलं होतं."

माणसं पुढे सरकली. भिकुबाई विळा घेऊन लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली. तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. आधार नाना बनियनवरच बाहेर आले आणि ट्रकच्या पुढ्यात रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसले.

"नाना, तुम्हाला तर हिचा त्रास होतो," जीवराम बाहेर रस्त्यावर येऊन म्हणाला. तक्रारीचंही त्याला कळलेलं होतं.

"होतो. रोज होतो. पण त्रास आमचा आहे, आम्ही बघू. तुम्ही कोण?"

नानांच्या मागे गल्ली जमली. शिवण बंद केलेल्या बायकाही होत्या. कुणी शिवीगाळ केली नाही, कुणी हात उचलला नाही, सगळे फक्त उभे राहिले. ट्रकला वळायलाही जागा उरली नाही. शेवटी जीवरामला तो मागे मागे घेत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावा लागला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले ते खुशीत. हावड्याच्या रेल्वेमार्गावर, नागपूरच्याही खूप पुढे, एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात हिच्याच जातीचा एकटा नर होता. त्यांनी बिजलीला घ्यायची तयारी दाखवली होती.

"नाही," कमल म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कळलं मला. द्यायची नाही. मी तिच्यासाठी काय केलं नाही, डॉक्टर? माझी आहे ती."

हे शब्द तिनं याच अंगणात मागच्याच आठवड्यात ऐकले होते, दुसऱ्याच्या तोंडून. डॉक्टर चहाचा कप हातात धरून जमिनीकडे बघत बसले. त्यांनी वाद घातला नाही, आणि त्यामुळे कमलला जास्त राग आला. ती त्यांना सोडायलाही दारापर्यंत गेली नाही.

चारेक दिवस गेले. सकाळी ती अंगणात बसून गाणं ऐकायची. बिजली त्या ठिकाणी थांबायची, कान द्यायची, आणि कमल मान खाली घालायची. एके सकाळी भिकुबाई तिच्या शेजारी येऊन बसली.

"मी इंदूरले उनू व्हतू तुले लेवाले," ती म्हणाली, "तवय तू माले काय बोलनी व्हती?"

कमलला आठवत होतं. सर्कशीतच राहीन, लंगडी-लुळी कशीही राहीन, घरी येणार नाही, असं ती आईला म्हणाली होती. कुठं राहायचं ते मी ठरवीन, असंही.

"तिले कोन इचारस?" भिकुबाई म्हणाली आणि उंबरं निवडायला घेतली.

दुपारी कमल दवाखान्यात गेली. "मी सोबत येईन," तिनं डॉक्टरांना सांगितलं. "आणि जागा मला पसंत पडली नाही तर परत घेऊन येईन."

जागा तिला पसंत पडली नाही. प्राणिसंग्रहालयाच्या माणसांनी बिजलीसाठी फाटकाजवळचा ठेंगणा पिंजरा काढून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नीट दिसावी म्हणून. कमल प्रवासाच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "हिला इथं उघडणार नाही." साहेब आले, समजावलं, चिडले. ती उठली नाही. डॉक्टर अहिरेही तिच्या शेजारी जमिनीवर बसले. अखेर मागच्या बाजूचं, झाडं असलेलं उंच आवार त्यांनी रिकामं करून दिलं, नराच्या आवाराला लागूनच. मध्ये जाळी ठेवायची, दोघांची ओळख झाल्याशिवाय एकत्र सोडायचं नाही, हेही ठरलं.

खोकं उघडलं तशी बिजली सरळ झाडाच्या शेंड्याला गेली. पलीकडचा नर काळा, बादलपेक्षा थोराड होता. दोघांनी दिवसभर एकमेकांकडे पाठ केली. कमलला उगाच आशा वाटली की जमायचं नाही.

दुसऱ्या सकाळी बिजली गायली. नेहमीसारखी चढवत नेली आणि थांबली. पलीकडून आधी काहीच आलं नाही. मग जाडसर, अडखळता, चुकलेला सूर आला. बिजलीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो पुन्हा चुकला. तिनं पुन्हा सुरू केलं. ऊन वर येईपर्यंत ती त्याला शिकवत होती आणि कमल जाळीला टेकून ऐकत होती. दुपारच्या गाडीनं ती निघाली. जाताना तिनं बिजलीला हाक मारली नाही, कारण बिजली कामात होती.

त्यानंतरच्या वर्षांत जळगावला किंवा धुळ्याला कुठलीही सर्कस लागली की पहिल्याच सकाळी एक बाई मागच्या बाजूनं आत यायची. पिंजरे हिंडून बघायची, पाण्याच्या भांड्यात बोट घालायची, जनावरांची मनगटं आणि माना तपासायची, आणि परवाने दाखवा म्हणायची. तुम्हाला अधिकार कुणी दिला, असं मॅनेजर विचारायचे. ती म्हणायची, "कुणी नाही," आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायची.